ऑस्ट्रेलियाचे ब्रॉडबँड खाते : स्थापना, कारभार आणि विसर्जन

केविन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने ३ डिसेंबर २००७ रोजी कॅनबेरात शपथ घेतली आणि त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात एक नवे सरकारी खाते सुरू झाले : ब्रॉडबँड, संचार आणि डिजिटल अर्थव्यवस्था खाते. १८ सप्टेंबर २०१३ रोजी, म्हणजे सरकार बदलले त्या दिवशी, ते बंद झाले. जेमतेम पावणेसहा वर्षांच्या आयुष्यात या खात्याने देशाच्या इतिहासातला एक प्रचंड खर्चाचा बांधकाम प्रकल्प मार्गी लावला, जुने दूरचित्रवाणी प्रक्षेपण थांबवण्याची सारी आखणी केली, इंटरनेटवर सरकारी गाळणी बसवण्याचा आग्रह धरून अखेर तो सोडला आणि वर्तमानपत्रांच्या मालकांशी उघड वैर ओढवून घेतले.

ऑस्ट्रेलियात खाते उघडायला किंवा मिटवायला संसदेच्या कायद्याची गरज नसते. पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून गव्हर्नर जनरल एक आदेश काढतात. कोणते कायदे आणि कोणती कामे कोणत्या खात्याकडे, याची ती यादी असते. अधिकारी बहुधा तेच राहतात, दालनेही तीच राहतात. बदलते ती दारावरची पाटी आणि अग्रक्रम. २००७ मध्ये झाले ते असेच. आधीच्या सरकारात संचार, माहिती तंत्रज्ञान आणि कला असे एकच खाते होते. त्यातली कला पर्यावरण खात्यात गेली आणि पूर्वाश्रमीचे रॉक गायक पीटर गॅरेट तिचे मंत्री झाले. उरलेल्या भागाच्या नावात ब्रॉडबँड हा शब्द सर्वांत पुढे आला, कारण निवडणुकीत दिलेले मोठे आश्वासन त्याबद्दलचेच होते. मंत्रिपद व्हिक्टोरिया राज्यातले सिनेटर स्टीफन कॉनरॉय यांच्याकडे आले आणि जून २०१३ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यामुळे हे खाते आणि कॉनरॉय यांचा कार्यकाळ या गोष्टी जवळजवळ एकच ठरतात.

या खात्याची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले तेव्हा जी पहिली सात खाती निर्माण झाली, त्यांत पोस्टमास्टर जनरलचे खाते होते. टपाल, तारा आणि टेलिफोन हा सगळा कारभार त्याच्याकडे होता. १९७५ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. टपाल ऑस्ट्रेलिया पोस्टकडे गेले आणि टेलिफोन टेलिकॉम ऑस्ट्रेलियाकडे. या टेलिकॉमचेच पुढे टेलस्ट्रा झाले आणि १९९७, १९९९ व २००६ अशा तीन हप्त्यांत सरकारने ते विकून टाकले. २००७ साली नवे खाते आले तेव्हा त्याच्याकडे मालकीची एक हात लांबीचीही तार उरली नव्हती. सारी तांब्याची तार, जमिनीखालच्या नळ्या, चेंबर आणि एक्स्चेंज टेलस्ट्राच्या ताब्यात होते. पुढचा बहुतेक सगळा झगडा या एका गोष्टीतून उभा राहिला.

खाते स्वतः दूरसंचार सेवा देत नव्हते, परवानेही वाटत नव्हते आणि कंपन्यांना दंडही करत नव्हते. परवाने, ध्वनिलहरींचे वाटप आणि प्रसारणाचे नियम हे काम ऑस्ट्रेलियन कम्युनिकेशन्स अँड मीडिया ऑथॉरिटी या स्वतंत्र संस्थेचे होते. दूरसंचार बाजारातली स्पर्धा आणि घाऊक दर यांवर स्पर्धा आयोगाची नजर असे. भारतात दूरसंचार विभाग आणि ट्राय यांच्यात कामाची जी वाटणी आहे, तिच्याशी ही मांडणी मिळतीजुळती आहे, फक्त परवाने आणि ध्वनिलहरी भारतात विभागाच्या हातात आहेत. खात्याकडे होते ते धोरण लिहिणे, विधेयकांचे मसुदे तयार करणे, निविदांच्या अटी ठरवणे आणि करारांची बोलणी करणे. एबीसी आणि अनेक भाषांतून कार्यक्रम करणारी एसबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्था तसेच ऑस्ट्रेलिया पोस्ट याच मंत्रालयाच्या छत्राखाली होत्या, पण त्यांच्या दैनंदिन कारभारात खात्याला ढवळाढवळ करता येत नसे.

मजूर पक्षाचे २००७ चे आश्वासन तुलनेने माफक होते. सरकार ४.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत रक्कम घालणार, उरलेला पैसा खासगी कंपनी आणणार आणि ९८ टक्के लोकांना सेकंदाला किमान १२ मेगाबिट वेग मिळणार. त्यासाठी ऑप्टिकल फायबर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी कपाटापर्यंत न्यायची आणि तिथून घरापर्यंत जुनीच तांब्याची तार वापरायची. हा मार्ग स्वस्त आणि झटपट, पण त्यात एक कायमची मर्यादा आहे. तांब्याच्या तारेतला संकेत अंतरागणिक क्षीण होत जातो. कपाटाशेजारच्या घराला उत्तम वेग मिळतो आणि काहीशे मीटरवरच्या घराचा वेग झपाट्याने घसरतो. शिवाय ही शेवटच्या टप्प्यातली तार टेलस्ट्राची. टेलस्ट्रा ग्राहकांना थेट सेवा विकत होती आणि प्रतिस्पर्ध्यांना तारही भाड्याने देत होती. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचे तोच बाजारात पाणी विकायला बसलेला, अशी इतर कंपन्यांची अवस्था होती.

खात्याने एप्रिल २००८ मध्ये निविदा मागवल्या. त्याच महिन्यात आधीच्या सरकारने ऑप्टस आणि एल्डर्स यांच्या संयुक्त कंपनीशी केलेला ९५.८ कोटी डॉलरचा ग्रामीण ब्रॉडबँडचा करार रद्द झाला. टेलस्ट्राने निविदेऐवजी डझनभर पानांचा एक प्रस्ताव पाठवला. लघुउद्योगांना कामात कसे सामावून घेणार याचा आराखडा त्यात नव्हता, म्हणून डिसेंबर २००८ मध्ये कंपनीला स्पर्धेतून बाद करण्यात आले. देशातल्या सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीला कागदपत्रातल्या एका उणिवेवरून बाहेर काढणे हा वरवर कारकुनी निर्णय दिसतो. प्रत्यक्षात टेलस्ट्राने सरकारची ताकद अजमावून पाहिली होती आणि सरकारने माघार घेतली नाही. पण त्यानंतर पेच उभा राहिला. तज्ज्ञ समितीने जानेवारी २००९ मध्ये सांगितले की उरलेल्या निविदांपैकी एकही पैशाचा पुरेसा मोबदला देणारी नाही. जागतिक आर्थिक संकटामुळे खासगी भांडवलही आटले होते.

या कोंडीतून जो मार्ग निघाला तो मूळ आश्वासनाच्या कितीतरी पुढचा होता. ७ एप्रिल २००९ रोजी रड आणि कॉनरॉय यांनी जाहीर केले की सरकार स्वतःच कंपनी काढून नवे जाळे बांधेल. ९० टक्के घरांना आणि दुकानांना थेट फायबर, सेकंदाला १०० मेगाबिट वेग, उरलेल्यांना बिनतारी किंवा उपग्रहाची सेवा, मुदत आठ वर्षे, अंदाजित खर्च ४३ अब्ज डॉलरपर्यंत. दोनच दिवसांनी त्यासाठीच्या एनबीएन (नॅशनल ब्रॉडबँड नेटवर्क) कंपनीची नोंदणी झाली. निविदा मागवल्यापासून एका वर्षाच्या आत ४.७ अब्जांची योजना नऊपट मोठी झाली होती, तीही खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद न मांडता. मजूर पक्षाच्या सरकारने तो ताळेबंद पुढेही मांडला नाही. नंतरच्या सरकारने बिल स्केल्स यांच्याकडून या निर्णयप्रक्रियेची तपासणी करून घेतली आणि २०१४ च्या त्यांच्या अहवालात घाईवर व तयारीच्या अभावावर कडक ताशेरे आले. तपासणी विरोधकांनी करवून घेतली होती हे खरे, पण मुद्दा टाळण्यासारखा नाही. निर्णय कदाचित योग्य असेलही, मात्र तो कशाच्या आधारावर योग्य आहे हे दाखवणारी फाईल खात्याकडे नव्हती.

योजनेची तांत्रिक बाजू पक्की होती. एक्स्चेंजमधून निघालेली एक फायबर वाटेत विजेशिवाय चालणाऱ्या विभाजकातून ३२ घरांपर्यंत विभागली जाते. काचेच्या तंतूत प्रकाश कित्येक किलोमीटर फारसा क्षीण न होता जातो, त्यामुळे गावाच्या टोकाच्या घरालाही तोच वेग मिळतो. उद्या वेग वाढवायचा झाला तर जमीन खणावी लागत नाही, दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की काम होते. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेत, म्हणजे पुढच्या भारतनेटमध्ये, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची होती आणि तिथून पुढचे काम इतरांवर सोडले होते. ऑस्ट्रेलियाने उंबरठ्यापर्यंत जायचे ठरवले. सुमारे सव्वादोन कोटी लोकसंख्येच्या आणि भारताच्या दुपटीहून मोठ्या देशात हे धाडसच होते.

पैशाची मांडणी मोठी चतुर होती. एनबीएन कंपनीत सरकारने घातलेली रक्कम खर्च म्हणून नव्हे तर गुंतवणूक म्हणून दाखवली गेली, म्हणजे ती अर्थसंकल्पातल्या तुटीत दिसत नव्हती. अट एकच : कंपनीने कालांतराने परतावा दिला पाहिजे. कंपनीच्या योजनेत तो सुमारे ७ टक्के धरला होता. हा परतावा मिळवायचा तर घाऊक दर चढे ठेवणे भाग होते. सेवा विकणाऱ्या कंपन्यांना एनबीएनकडून क्षमता विकत घेताना सेकंदाला एका मेगाबिटमागे महिन्याला २० डॉलर मोजावे लागतील असा दर ठरला. मग कंपन्या हात आखडून क्षमता घेत आणि संध्याकाळी सगळे घरी आले की वेग मंदावत असे. ग्राहकांच्या अनेक वर्षांच्या तक्रारींचे मूळ बरेचसे या हिशेबाच्या रचनेत होते, पण दोष नेहमी तारेला दिला गेला.

खात्याच्या अधिकाऱ्यांचे सर्वांत कसबी काम टेलस्ट्राबरोबरच्या वाटाघाटींत दिसले. नोव्हेंबर २०१० मध्ये संसदेने कायदा केला. त्याने टेलस्ट्रापुढे ठेवलेला प्रस्ताव थोडक्यात असा होता : घाऊक आणि किरकोळ व्यवसाय वेगळे करा, नाहीतर मोबाइलसाठी लागणाऱ्या नव्या ध्वनिलहरींवर पाणी सोडावे लागेल. जून २०११ मध्ये करार झाला. त्या वेळच्या मूल्याने सुमारे ११ अब्ज डॉलरच्या मोबदल्यात टेलस्ट्रा आपल्या नळ्या आणि चेंबर वापरू देणार, फायबर पोहोचेल तसतशी तांब्याची तार बंद करणार आणि ग्राहक नव्या जाळ्यावर सोपवणार होती. केबल टीव्हीच्या तारांवरचे ऑप्टसचे ग्राहक नव्या जाळ्यावर आणण्यासाठी त्या कंपनीशी ८० कोटी डॉलरचा वेगळा करार झाला. शंभर वर्षे वाढत गेलेली एकाधिकारशाही कागदावर मोडली ती या करारांनी.

दरम्यान २०१० च्या निवडणुकीत त्रिशंकू संसद आली. ग्रामीण भागातले अपक्ष टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट यांनी रड यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांना पाठिंबा देताना ब्रॉडबँड हे एक प्रमुख कारण सांगितले. एका तारेच्या प्रकल्पावर सरकार तरले असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. त्याची किंमतही ठरली : काम खेड्यांपासून सुरू करायचे आणि शहरात असो वा रानात, घाऊक दर एकच ठेवायचा. म्हणजे सिडनीचा ग्राहक दूरच्या मेंढपाळाचा भार थोडा उचलणार.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र रखडले. सुरुवात टास्मानियात झाली. स्मिथटन, स्कॉट्सडेल आणि मिडवे पॉइंट या गावांत २०१० मध्ये पहिल्या जोडण्या मिळाल्या. नंतर टेलस्ट्राशी करार होईपर्यंत वेळ गेला, कंत्राटदारांना कुशल कामगार मिळेनात आणि २०१३ च्या मे महिन्यात टेलस्ट्राच्या जुन्या चेंबरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्याने अनेक ठिकाणी काम थांबवावे लागले. लक्ष्य पुनःपुन्हा खाली आणले गेले. जून २०१३ अखेर सव्वा कोटीच्या आसपास इमारतींपैकी सुमारे २ लाख इमारतींजवळून फायबर गेली होती. विरोधकांना निवडणुकीसाठी याहून सोपा मुद्दा लागत नव्हता.

या गदारोळात खात्याचे सर्वांत नेटके काम जवळजवळ कोणाच्या लक्षात राहिले नाही. ते म्हणजे दूरचित्रवाणीचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करणे. हे काम नाजूक असते. ज्याच्या घरचा टीव्ही एका सकाळी बंद पडतो तो मतदार असतो, आणि सर्वांत आधी टीव्ही बंद पडतो तो म्हाताऱ्या, एकट्या, गरीब माणसाचा. म्हणून देशाचे भाग पाडले गेले. ३० जून २०१० रोजी व्हिक्टोरियातल्या मिल्डुरा या लहानशा शहरात पहिला प्रयोग झाला. मग दक्षिण ऑस्ट्रेलियाचा ग्रामीण भाग, ग्रामीण व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स अशी पावले पडत गेली आणि मोठी शहरे शेवटी ठेवली. चूक व्हायची तर ती लहान जागी व्हावी, हा हिशेब शहाणपणाचा होता. पात्र निवृत्तिवेतनधारकांच्या घरी माणूस जाऊन सेट टॉप बॉक्स बसवून देई, तो चालवायला शिकवी आणि पुढे वर्षभर फोनवर मदत मिळे. बाजारात बॉक्स स्वस्त मिळतो, सरकार एवढा खर्च का करते, अशी टीका झाली. टीकाकार बॉक्सची किंमत मोजत होते, खाते घरी जाणाऱ्या माणसाची किंमत मोजत होते. ज्या भागात जमिनीवरचे प्रक्षेपण पोहोचतच नव्हते तिथे उपग्रहावरून मोफत वाहिन्या देणारी सेवा सुरू केली. शेवटचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मेलबर्न आणि दुर्गम भागांत १० डिसेंबर २०१३ रोजी थांबले, तेव्हा हे खाते अस्तित्वात उरले नव्हते.

टीव्हीने मोकळ्या केलेल्या ध्वनिलहरी मोबाइलसाठी अतिशय मोलाच्या होत्या. ६९४ ते ८२० मेगाहर्ट्झ असा १२६ मेगाहर्ट्झचा पट्टा रिकामा झाला. या लहरी दूर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी पार होतात, त्यामुळे विरळ वस्तीच्या देशात त्यांना विशेष महत्त्व. कॉनरॉय यांनी लिलावाची राखीव किंमत स्वतः ठरवली : दर मेगाहर्ट्झला, दरडोई १.३६ डॉलर. व्होडाफोनने भाग घेतला नाही. एप्रिल-मे २०१३ च्या लिलावात टेलस्ट्रा, ऑप्टस आणि टीपीजी यांच्याकडून जवळपास २ अब्ज डॉलर आले, पण ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा एक तृतीयांश भाग विकलाच गेला नाही. किंमत अवाच्या सवा ठेवल्याची टीका झाली. गंमत अशी की तोच उरलेला भाग २०१७ मध्ये टीपीजी आणि व्होडाफोन यांनी उचलला आणि टीपीजीने त्याच मापाने २.७५ डॉलरच्या आसपास भाव दिला.

इंटरनेटच्या गाळणीचे प्रकरण खात्याच्या अंगाशी आले. मुलांचे लैंगिक शोषण आणि इतर बेकायदा मजकूर असलेली संकेतस्थळे प्रत्येक इंटरनेट कंपनीने सक्तीने अडवावीत, अशी ही योजना होती. हेतूला कोणाचा विरोध नव्हता. प्रश्न यादीचा होता : ती गुप्त, तिच्यात काय आहे हे नागरिकाला कळणार नाही आणि त्यामुळे चुकून घातलेले नाव काढून घेण्याची सोयही नाही. मार्च २००९ मध्ये कम्युनिकेशन्स अँड मीडिया ऑथॉरिटीची काळी यादी म्हणून एक यादी विकिलीक्सवर फुटली. तिच्यात क्वीन्सलंडमधल्या एका दंतवैद्याचे साधे संकेतस्थळही निघाले. त्यानंतर योजनेचा बचाव करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने ती सोडून दिली आणि दूरसंचार कायद्याच्या ३१३ व्या कलमाखाली इंटरपोलच्या यादीतली संकेतस्थळे अडवण्यापुरते काम मर्यादित ठेवले. पण ते कलमही सैल होते. २०१३ मध्ये कंपन्या व गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या दुसऱ्याच सरकारी यंत्रणेने त्याचा आधार घेऊन फसवणूक करणारे एक संकेतस्थळ अडवायला सांगितले आणि त्याच पत्त्यावर असलेली सुमारे १२०० निरपराध संकेतस्थळे बंद पडली.

माध्यमांच्या सुधारणेचा शेवट असाच झाला. वर्तमानपत्र, टीव्ही आणि इंटरनेट यांच्यातल्या सीमा पुसत चालल्या असताना जुने कायदे पुरे पडतील का, हे पाहण्यासाठी ग्लेन बोरहॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा २०१२ चा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. पण मार्च २०१३ मध्ये कॉनरॉय यांनी विधेयके आणली ती अवघ्या काही दिवसांत मंजूर करण्याच्या अटीवर. सिडनीच्या डेली टेलिग्राफने त्यांचे छायाचित्र स्टालिन आणि माओ यांच्या पंक्तीत पहिल्या पानावर छापले. अपक्षही बिथरले आणि वादग्रस्त विधेयके मागे घ्यावी लागली.

जून २०१३ च्या अखेरीस रड पुन्हा पंतप्रधान झाले, कॉनरॉय यांनी राजीनामा दिला आणि खाते काही आठवडे अँथनी अल्बानीज यांच्याकडे गेले. सप्टेंबरच्या निवडणुकीत विरोधी लिबरल-नॅशनल पक्षांची आघाडी जिंकली. नव्या आदेशाने खात्याच्या नावातून ब्रॉडबँड आणि डिजिटल अर्थव्यवस्था दोन्ही गेले, नुसते संचार खाते उरले आणि माल्कम टर्नबुल मंत्री झाले. अवघ्या तीन महिन्यांत या खुर्चीवर बसलेले टर्नबुल आणि अल्बानीज दोघेही पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

टर्नबुल यांनी एनबीएन मोडीत काढले नाही. मोडणे सोपेही नव्हते : कंपनीसाठी कायदा होता, टेलस्ट्राशी करार होता, उपग्रहांची मागणी २०१२ मध्येच नोंदवलेली होती. ते दोन उपग्रह ऑक्टोबर २०१५ आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्रेंच गयानातून ठरल्याप्रमाणे सोडले गेले. बदलले ते तंत्रज्ञान. घरोघरी फायबरऐवजी जिथे जे आहे ते वापरायचे ठरले : कुठे कोपऱ्यापर्यंत फायबर आणि पुढे तांबे, कुठे केबल टीव्हीची तार. अंदाज २९.५ अब्ज डॉलरचा होता. डिसेंबर २०१४ मध्ये टेलस्ट्राशी करार नव्याने झाला आणि जी तांब्याची तार बंद करण्यासाठी पैसे द्यायचे होते तीच तार जवळपास त्याच रकमेत सरकारी कंपनीच्या मालकीची झाली. ऑप्टसची केबल घेतल्यावर ती बहुतांशी वापरण्याजोगी नाही असे लक्षात आले. खर्च ५१ अब्जांच्या घरात गेला. डिसेंबर २०२० मध्ये जाळे पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या तीनच महिने आधी त्याच आघाडी सरकारने तांब्यावरच्या लाखो घरांना मागणीप्रमाणे फायबर देण्याची योजना जाहीर केली होती.

संचार खात्यात २०१५ मध्ये कला परत आली आणि १ फेब्रुवारी २०२० रोजी ते पायाभूत सुविधा, वाहतूक आणि प्रादेशिक विकास यांच्या मोठ्या खात्यात विलीन झाले. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान अल्बानीज यांच्या सरकारने तांब्याच्या तारेवर उरलेल्या सहा लाखांहून अधिक इमारतींना फायबर देण्यासाठी आणखी ३ अब्ज डॉलर मंजूर केले.